छात्राध्यापकांची सोबत

प्रवरा नदीच्या काठी वसलेले बेलापूर हे गाव पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात मोडते. १८७८ साली दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला, त्या वेळी गावापासून काहीशा अंतरावर जे स्थानक बांधले गेले त्यास बेलापूरचेच नाव देण्यात आले आणि त्या स्थानकाच्या आसऱ्याने पुढे श्रीरामपूर शहर वाढले. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाल्यावर प्रवरेच्या कालव्यांस भरवशाचे पाणी मिळू लागले. पाण्याबरोबर ऊस वाढला, उसाबरोबर साखर कारखाने वाढले, आणि दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड, पाथर्डी या बाजूंनी ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या या मुलखात उतरू लागल्या. टोळ्यांबरोबर त्यांची मुलेही येतात. फडाशेजारी कोप्या उभ्या राहतात, त्या कोप्यांतील काही मुले जवळच्या प्राथमिक शाळेत येऊन बसतात, आणि कारखान्याचा पट्टा पडला की ती आली तशी निघून जातात.

भूगोलाचा हा तपशील प्रारंभीच देण्याचे कारण असे की, शिक्षकाचा पेशा शिकू पाहणारा तरुण पहिल्याने वर्गावर उभा राहतो तो पुष्कळदा अशाच एखाद्या शाळेत. समजा, त्यास चौथीच्या वर्गावर भागाकाराचा पाठ घ्यावयाचा आहे. त्याने तीन रात्री जागून टाचण लिहिले आहे, पुठ्ठ्याची चित्रे कापली आहेत, कोणता प्रश्न केव्हा विचारावयाचा हेही ठरविले आहे. प्रत्यक्ष वर्गात शिरतो तो पटावरील मुलांखेरीज आठ-नऊ नवी मुले मागील बाजूस बसलेली. त्यांची घरची बोली निराळी, त्यांच्याजवळ पुस्तके नाहीत, आणि त्यांतील दोघांस वजाबाकीही नीट येत नाही. दहा मिनिटांत टाचणाची घडी विस्कटते. पुढची मुले कंटाळतात, मागची मुले कावरीबावरी होतात, आणि कोपऱ्यात बसलेले मार्गदर्शक अध्यापक वहीत शेरा लिहितात : वर्गनियंत्रण अपुरे. शेरा खोटा नसतो. परंतु तो वाचून दुसऱ्या दिवशी काय करावे हे त्या तरुणास कळत नाही. संध्याकाळच्या एस. टी.ने तो घरी जातो. घरी विचारले तर 'पाठ चांगला झाला' असे सांगतो.

हे खोटे तो का बोलतो, आणि खरे बोलता येईल अशी जागा त्यास कशी मिळवून देता येईल, हा येथील विषय आहे.

अध्यापक पदविकेचा किंवा बी.एड.चा अभ्यासक्रम शिकणाऱ्या अशा विद्यार्थ्यास छात्राध्यापक म्हणतात. नाव मोठे अन्वर्थक आहे, कारण त्याची स्थिती खरोखरच अर्धी छात्राची व अर्धी अध्यापकाची असते. शाळेतील मुले त्यास 'सर' किंवा 'बाई' म्हणतात. कायम शिक्षक मात्र त्यास पाहुणा समजतात, आणि विद्यालयात परतताच तो पुन्हा बाकावरचा विद्यार्थी होतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २०१४ च्या विनियमांनी बी.एड. दोन वर्षांचे केले आणि त्यात प्रत्यक्ष शाळेतील कामासाठी एकंदर २० आठवडे ठेवले, पहिल्या वर्षी ४ व दुसऱ्या वर्षी १६. पूर्वीच्या मानाने ही मोठीच सुधारणा होय. परंतु शाळेतील दिवस वाढले म्हणजे पडण्याझडण्याचे प्रसंगही वाढले, आणि अशा प्रसंगी आधार कोणाचा याची तजवीज कोणत्याही वेळापत्रकात सापडत नाही.

मार्गदर्शक अध्यापकाचा आधार नाही काय? आहे, पण तोच अध्यापक अखेर गुण देणार असतो. ज्याच्या हाती गुण आहेत त्याच्यापुढे आपले अज्ञान उघडे करणे फार थोड्यांस जमते, आणि ज्यांस जमते त्यांस त्याची फारशी गरज नसते. शाळेतील अनुभवी शिक्षक मायेने सांगतात, तथापि त्यांस हे सारे इतके अंगवळणी पडलेले असते की आपण ते कसे करतो हेच त्यांस सांगता येत नाही. 'हळूहळू जमेल' हा त्यांचा उपदेश सत्य असला तरी उद्याच्या पाठास तो उपयोगी नाही. उरतो तो सहाध्यायी. त्यासही काल असाच घाम फुटलेला असतो. त्याच्या हाती गुण नसतात, आणि अडचण ताजी असल्यामुळे ती पावलापावलाने सांगण्याइतकी त्यास आठवतही असते.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली शिक्षकी पेशावर एक ग्रंथ लिहिला. त्यात शाळेस त्यांनी अंड्यांच्या खोक्याची उपमा दिली आहे : प्रत्येक अंडे आपापल्या खणात, एकाचा दुसऱ्यास धक्का नाही आणि ऊबही नाही. शिक्षक होणारा मनुष्य लहानपणापासून हजारो तास शिक्षकांकडे पाहत आलेला असतो, म्हणून हा पेशा आपणांस ठाऊक आहे असे त्यास वाटते, असेही त्यांनी दाखविले. पाहिलेले असते ते फळ्यापुढचे. टाचण करताना शिक्षकाने काय सोडले, कोणत्या मुलाकडे पाहून त्याने मध्येच उदाहरण बदलले, हे बाकावरून दिसत नाही. त्यामुळे पहिल्या फजितीचा धक्का दुहेरी बसतो. पाठ फसला याचे दुःख असतेच. पण इतके सोपे कामही आपणांस येत नाही, मग आपल्यातच काही उणे असले पाहिजे, असे मन घेते. चार सोबत्यांनी आपापली फजिती मोकळेपणाने सांगितली तर हा दुसरा धक्का तेथल्या तेथे विरतो.

महाराष्ट्रात शिक्षक तयार करण्याचा उद्योग जुना आहे. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईस तयार झालेले २४ शिक्षक १८२६ साली निरनिराळ्या गावी पाठविले गेले. त्यांत १४ मराठी व १० गुजराती होते. पुढे १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांकडे एल्फिन्स्टन संस्थेतील नॉर्मल वर्ग सोपविण्यात आला. मुंबईस एकत्र शिकलेली ही मंडळी नेमणुकीनंतर एकेकटी दूरच्या गावी जाऊन पडत. पंतोजीच्या जुन्या शाळेशी स्पर्धा, गावकऱ्यांचा संशय, नवी पुस्तके, हे सारे ज्याचे त्याने निभवावयाचे. १८६१ साली कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी शिक्षकांसाठी मराठी शाळापत्रक काढले आणि पुढे विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ते चालविले. दूरदूर विखुरलेल्या शिक्षकांस एकमेकांशी जोडणारा तो एक धागा होता. पण छापील पत्र एका बाजूने बोलते, आणि १८७५ मध्ये तेही बंद पडले.

सोबतीचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र नगर जिल्ह्याशीच जोडलेले आहे. अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार १८२७ साली मुंबईस आल्या आणि १८३९ पासून नगरास मुलींच्या शाळा चालवू लागल्या. त्यांची शाळा पाहून जोतीराव फुले प्रभावित झाले, आणि सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षण नगरास मिस फरारबाईंच्या संस्थेत व पुण्यास मिसेस मिचेल यांच्या नॉर्मल स्कुलात झाले. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाल्यावर सावित्रीबाईंवर काय प्रसंग गुदरले ते सर्वश्रुत आहे. त्या कामात फातिमा शेख त्यांच्या सहकारी होत्या. ऑक्टोबर १८५६ मध्ये आजारपणामुळे नायगावी माहेरी राहिलेल्या सावित्रीबाईंनी जोतीरावांस जे पत्र धाडले त्यात, आपल्या गैरहजेरीत सारा भार फातिमेवर पडत असेल, याची काळजी व्यक्त झाली आहे. शिक्षिकेच्या पत्रात सोबतिणीच्या ओझ्याची आठवण यावी, ही गोष्ट साधी दिसते. पण ज्या पेशात दुसऱ्याचे ओझे दिसतच नाही अशी रचना आहे, तेथे ती साधी नव्हे.

शिकाऊ शिक्षकांच्या सहजीवनाचा मोठा प्रयोग पुढे साताऱ्यास झाला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९३५ मध्ये खेड्यांसाठी प्राथमिक शिक्षक तयार करणारे सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. भाऊरावांच्या वसतिगृहांची रीत अशी की, सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एका पंक्तीस जेवावे आणि श्रमही एकत्र करावेत. अशा मुशीतून निघालेला शिक्षक खेड्यातील एकशिक्षकी शाळेत गेला तरी त्याच्या मागे सोबत्यांची एक फळी असे. आज वसतिगृहात राहून शिक्षक होणारे थोडे. बेलापूर-श्रीरामपूरकडील छात्राध्यापक सकाळी मोटारीने किंवा दुचाकीने विद्यालयात जातो आणि दुपारी घरच्या शेतीच्या किंवा दुकानाच्या कामास जुंपला जातो. विवाहित छात्राध्यापिका तर तास संपताच लेकराकडे धाव घेते. पूर्वी एकत्र राहण्याने जे आपोआप होई ते आता ठरवून करावे लागेल.

सरकारी पातळीवर या एकाकीपणाची दखल घेतली गेलेली आहे. १९६४ ते १९६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक होते, अध्यापक विद्यालये विद्यापीठांपासून, शाळांपासून आणि परस्परांपासूनही तुटलेली आहेत असा स्पष्ट ठपका ठेवला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या; या जिल्ह्याची संस्था संगमनेरास आहे. राज्यात दहा-बारा शाळांचे एक केंद्र व त्यावर केंद्रप्रमुख अशी व्यवस्था आली, आणि केंद्रातील शिक्षक शिक्षण परिषदेच्या निमित्ताने एकत्र जमतात. २०२० च्या धोरणानेही शाळासंकुलांचा पुरस्कार करताना शिक्षकांच्या एकटेपणाचा उल्लेख केला आहे. हे सर्व चांगलेच आहे. परंतु ही सारी सोय नेमणूक झालेल्या शिक्षकाची. जो अजून शिकतो आहे, त्याने आपली सोय आपणच पाहावयाची.

सूक्ष्म अध्यापनाच्या तासाला सोबती असतातच की, असे कोणी म्हणेल. ही पद्धत १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातून निघाली. आपल्याकडे तिचे चक्र ३६ मिनिटांचे करतात : ६ मिनिटे शिकविणे, ६ मिनिटे अभिप्राय, १२ मिनिटे फेरआखणी, पुन्हा ६ मिनिटे शिकविणे व ६ मिनिटे अभिप्राय. त्यात सहाध्यायीच मुलांची भूमिका करतात. योजना उत्तम. व्यवहारात मात्र पंचविशीतली मंडळी चौथीतली मुले होऊन शहाण्यासारखी उत्तरे देतात, आणि अभिप्रायाच्या ६ मिनिटांत 'प्रस्तावना छान होती' यापलीकडे गाडी सरकत नाही. आज आपण टीका केली तर उद्या आपल्यावर होईल, हा हिशेब प्रत्येकाच्या मनात असतो. खरा वर्ग आणि खरी फजिती तेथे नसल्यामुळे बोलण्यासारखे तरी काय असणार?

या बाबतीत जपानकडे पाहण्यासारखे आहे. तेथील शाळांत पाठ-अभ्यासाची एक परंपरा आहे आणि तिची मुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जातात. चार-सहा शिक्षक मिळून एकच पाठ आखतात, त्यांपैकी एक जण तो वर्गावर घेतो, बाकीचे मुलांकडे पाहत टिपणे करतात, आणि नंतर बसून चर्चा होते. १९९९ साली स्टिगलर व हीबर्ट या अमेरिकन लेखकांनी या पद्धतीची माहिती जगापुढे आणली तेव्हा तिचा बराच बोलबाला झाला. त्यातील मर्म एवढेच की पाठ सर्वांचा असतो. तो फसला तर शिकविणाऱ्याची लाज जात नाही, कारण आखणीत सर्वांचा हात असतो. चर्चाही 'तुम्ही असे का केले' या वळणाने न जाता 'तिसऱ्या रांगेतील मुलगी कोठे अडली' या वळणाने जाते. छात्राध्यापकांनी उचलावे असे यात पुष्कळ आहे, आणि त्यास पैसाही लागत नाही.

आता प्रत्यक्ष मंडळ कसे जमवावे ते पाहू. संख्या सहा ते आठ असावी. चाळीसजणांच्या सभेत कोणीही आपली फजिती सांगत नाही, आणि तिघांचे मंडळ एक जण आजारी पडला की मोडते. शक्यतो एकाच शाळेत किंवा जवळच्या दोन-तीन शाळांत पाठ घेणारी मंडळी एकत्र आली तर बरे, कारण मग मुलांची नावे, गावाची रीत, मुख्याध्यापकांचा स्वभाव यांची पुन:पुन्हा ओळख करून द्यावी लागत नाही. आठवड्यातील वार व वेळ एकदाच ठरवावी आणि ती मोडू नये. दर वेळी नव्याने विचारपूस करून जमणारी मंडळे तिसऱ्या आठवड्यात संपतात. वेळ ठरविताना छात्राध्यापिकांची एस. टी. केव्हा आहे हे आधी विचारावे. शेवटची गाडी सुटण्याच्या बेताने भरणाऱ्या बैठकीत निम्मे लक्ष घड्याळाकडे राहते. जागा शाळेतलीच एखादी रिकामी खोली असावी. हॉटेलातील चहाच्या टेबलाभोवती जमलेल्या मंडळात बाया येत नाहीत, आणि मग मंडळ पुरुषांचे होऊन बसते.

बैठकीत एका वेळी एकाच्या किंवा दोघांच्याच पाठाचा विचार व्हावा. ज्याचा पाठ, त्याने आधी सांगावे : काय करावयाचे होते, काय झाले, आणि कोणत्या क्षणी पाठ हातातून निसटला. तो क्षण नेमका सापडणे हेच निम्मे काम असते. यानंतर दहा मिनिटे इतरांनी नुसते प्रश्न विचारावेत, सल्ला देऊ नये. हा नियम पाळणे सर्वांत कठीण, कारण शिक्षकाच्या जातीला सल्ला देण्याची उपजत खोड असते. वर सांगितलेल्या भागाकाराच्या पाठाचेच घ्या. कोणी विचारील, 'त्या मुलांना वजाबाकी येत नाही हे तुम्हाला केव्हा कळलं?' तो म्हणेल, 'तिसरं उदाहरण दिलं तेव्हा.' 'मग पहिली दोन उदाहरणं त्यांनी कशी सोडविली?' 'पुढच्यांचं बघून उतरवून घेतली असतील. मी मागं गेलोच नाही.' येथे कोणीही कोणास काही शिकविलेले नाही; तरी पुढच्या पाठात आपण मागील रांगेपर्यंत जावयाचे, हे त्या तरुणाने स्वतःच शोधून काढलेले आहे. मग एखादी ताई सांगेल की, आपल्या वर्गातील कोपीवरच्या मुलीने उसाच्या मोळ्या किती लोकांत कशा वाटल्या हे बोटांवर बिनचूक सांगितले होते. झाले! पुढच्या पाठाचे उदाहरण मिळाले, आणि तेही त्या मुलांच्या घरातले.

बैठकीत जे बोलले जाईल ते बाहेर जाता कामा नये. मुलांची नावे, त्यांच्या घरची परिस्थिती, मार्गदर्शक अध्यापकांचे शेरे, यांतील एक जरी गोष्ट बाहेर फुटली तर पुढच्या आठवड्यापासून मंडळात गोडगोड बोलणेच ऐकू येईल. एक वही मात्र ठेवावी. तिच्यात नावे न घालता चार ओळी लिहाव्यात : अडचण कोणती, काय करून पाहिले, त्याचे काय झाले, आणि आता काय करून पाहावयाचे. ही वही कोणी तपासू नये व तिला गुणही देऊ नयेत. हा आग्रह धरण्यास कारण आहे. अध्यापक विद्यालयांत एखादी चांगली गोष्ट सुरू झाली की ती लवकरच 'प्रात्यक्षिक कार्य' होते, तिला दहा गुण मिळतात, आणि मग तिच्या नोंदी एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरू लागतात. तयार पाठ टाचणे विकत मिळण्याच्या या काळात तयार अनुभवही विकत मिळू लागले तर आश्चर्य नको. म्हणून प्राचार्यांनी खोली द्यावी, आठवड्यातील एक तास मोकळा ठेवावा, आणि दार लोटून घेऊन आपण बाहेर राहावे. बोलावले तर जावे.

मंडळास बाहेरून होणाऱ्या अपायापेक्षा आतून होणारे अपाय अधिक. पहिला कुरकुरीचा. सर्वच अडचणींचा दोष विद्यालयावर, सरकारवर किंवा मुलांच्या आईबापांवर टाकून मोकळे होण्यात एक सुख असते, आणि तसल्या बैठकीतून उठताना मन हलकेही वाटते; पण दुसऱ्या दिवशी वर्ग तोच आणि आपणही तेच. थोडी कुरकुर होऊ द्यावी, नाहीतर माणसे गुदमरतील. मात्र तिला दहा मिनिटांच्यावर वेळ देऊ नये. दुसरा अपाय मानापमानाचा. मंडळात पदवीधर असतात, बारावी झालेले असतात, कोणी इंग्रजी शाळेतले, कोणी वस्तीवरचे. सहाध्यायी एकमेकांस 'सर', 'मॅडम' म्हणण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. ती गमतीची वाटली तरी एका अर्थी उपकारक आहे, कारण त्यामुळे वरचढपणा थोडा झाकला जातो. तथापि चहा कोण करते, सतरंजी कोण घालते आणि शेवटचा शब्द कोणाचा असतो, एवढे पाहिले तरी मंडळात खरी बरोबरी किती आहे ते कळते. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात, शिक्षक शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिळूनमिसळून वागतील, अशी मागणी केली होती. मिसळण्याचा हा धडा शिक्षकांच्या आपसातच न झाला तर कोपीवरच्या मुलाशी मिसळणे दूरच राहिले.

तिसरा अपाय या काळाचा आहे आणि तो सर्वांत अवघड. आज मंडळात शेजारी बसलेला सोबती हा उद्याचा प्रतिस्पर्धी असतो. राज्यात २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा आणि २०१७ पासून भरतीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी सुरू झाली. मध्यंतरी कित्येक वर्षे भरती रखडल्यामुळे पदविका घेतलेले हजारो तरुण वाट पाहत राहिले, अध्यापक विद्यालयांतील जागा रिकाम्या पडल्या आणि पुष्कळ विद्यालये बंदही झाली. ज्या घराने शेतीच्या उत्पन्नातून किंवा कर्ज काढून शुल्क भरले त्या घरातील मुलास, आपली युक्ती दुसऱ्यास सांगितली तर एक गुण त्याचा वाढेल, असे वाटले तर त्यास दोष देता येत नाही. याला उपाय उपदेशाचा नाही. एवढेच दाखवून देता येते की परीक्षेत विचारतात ती माहिती एकट्याने पाठ करता येते. वर्गावर उभे राहण्याची विद्या मात्र एकट्यास साधत नाही, आणि ती वाटल्याने वाटणाऱ्याची कमीही होत नाही. म्हणून परीक्षेची तयारी व पाठाची चर्चा यांच्या बैठका वेगळ्या ठेवाव्यात. परीक्षेचा विषय एकदा आत शिरला की तो दुसऱ्या कशालाही जागा ठेवीत नाही.

सोबत्यांनी काय करू नये याचीही मर्यादा ओळखावी. पाठ फसल्याची खिन्नता दोन दिवसांत जाते. जी जात नाही, जिच्यामुळे झोप उडते, जेवण तुटते, जगणे नकोसे वाटू लागते, ती सहाध्यायांच्या चर्चेने बरी होणारी नव्हे. अशा वेळी मंडळाने त्या व्यक्तीस एकटे सोडू नये आणि जाणत्या वैद्याकडे न्यावे. २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चालते. तो क्रमांक मंडळाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

पदविका हाती पडली की मंडळ संपले, असे समजण्याची चूक बहुतेक ठिकाणी होते. वास्तविक सोबतीची खरी गरज तेथून पुढे लागते. नेमणूक मिळाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून ठरीव मानधनावर काढावी लागतात. ही योजना राज्यात २००० सालापासून आहे. नेमणूक एखाद्या दोनशिक्षकी वस्तीशाळेवर होते. दुसरे शिक्षक बैठकीस किंवा निवडणुकीच्या कामास गेले की चारही वर्ग एकट्याच्या गळ्यात. आणि ज्यांस नेमणूकच मिळत नाही त्यांची गोष्ट याहून कठीण. ते खाजगी शिकवणी घेतात, शेती पाहतात, दुकानात बसतात, आणि नातेवाइकांनी 'काय, लागली का नोकरी?' असे विचारले की उठून जातात. मंडळातील नोकरी लागलेल्यांनी न लागलेल्यांस बोलावीत राहणे, हे येथे फार महत्त्वाचे ठरते. आपण आता शिक्षक नाही, असे ज्याला वाटू लागले आहे त्यास महिन्यातून एकदा जरी कोणी 'या मुलीला जोडाक्षरे येत नाहीत, तुम्ही काय केले असते?' असे विचारले, तर त्याची विद्या गंजत नाही.

यासाठी पुष्कळ खटाटोप लागत नाही. जूनच्या मध्यास शाळा उघडल्यानंतरचा एक रविवार, दिवाळीच्या सुटीतील एक दिवस आणि उन्हाळ्याच्या सुटीतील एक, एवढ्या तीन भेटी सुरुवातीसच ठरवाव्यात. मधल्या काळात फोन आहेच. बेलापूरच्या बाजूस दिवाळीची भेट विशेष उपयोगी, कारण तेव्हाच टोळ्या येऊ लागतात आणि सुटीनंतर वर्गाचा पट पालटतो. त्या भेटीत मागील वर्षाची वही काढावी आणि कोपीवरच्या मुलांसाठी कोणी काय करून पाहिले तेवढीच पाने वाचावीत. त्याच दिवशी विद्यालयातील चालू वर्षाच्या दोघा-चौघा छात्राध्यापकांसही बोलवावे. डिसेंबरात त्यांचे पाठ सुरू झाले म्हणजे मागील रांगेत नवी मुले बसलेली त्यांसही दिसतील, आणि वही तोपर्यंत त्यांच्या हातात गेलेली असेल.